जुन्या महिंद्रा जीपसाठी बदली इंजिन कसे निवडावे

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणातील बागांमध्ये महिंद्राच्या फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या एमएम ५४० आणि एमएम ५५० यांसारख्या जुन्या जीप आजही रोजच्या कामाला आहेत. या गाड्यांची चासी, अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना शक्ती वाटून देणारी पेटी) सहसा दुरुस्तीने टिकतात. इंजिन मात्र एकदा थकले की मालकासमोर प्रश्न उभा राहतो, आणि त्या वेळी बहुतेकांचे पहिले लक्ष अश्वशक्तीच्या आकड्याकडे जाते. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. त्याआधी गाडीची कागदपत्रे, क्राऊन-पिनियनचे (अ‍ॅक्सलमधील दातेरी चाकांच्या जोडीचे) गुणोत्तर आणि गिअरबॉक्सची सहनशक्ती या तीन गोष्टी पाहिल्या, तर बाजारात दिसणाऱ्या इंजिनांपैकी बरीचशी आपोआप बाद होतात.

मुळात इंजिन बदलण्याची गरज आहे का, याची खात्री प्रथम करावी. काळा धूर, कमी झालेली ओढ आणि सकाळी उशिरा पकडणारे इंजिन ही लक्षणे नोझल, एफआय पंपाचे (डिझेल दाबाने सोडणाऱ्या पंपाचे) टायमिंग, चोंदलेला एअर फिल्टर किंवा जळालेले हीटर प्लग यांमुळेही दिसतात, आणि त्यांचा खर्च इंजिन बदलण्याच्या मानाने फारच थोडा असतो. निळसर धूर सतत येत असेल, तेल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून हवेचे झटके येत असतील आणि इंजिन गरम झाल्यावर मंद गतीला तेलाचा दाब पडत असेल, तर मात्र रिंग, लायनर आणि बेअरिंग झिजल्याचे मानावे. तेलाचा दाब पाहताना डॅशबोर्डवरील दिव्यावर विसंबू नये; यांत्रिक गेज तात्पुरता जोडून तो मोजावा. कॉम्प्रेशनची चाचणी चारही सिलिंडरवर घ्यावी, कारण सगळीकडे सारखेच थोडे कमी असलेले कॉम्प्रेशन वयाचे द्योतक असते, तर एकाच सिलिंडरमधील मोठी घट एखाद्या व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे बोट दाखवते. ब्लॉक शाबूत असेल आणि क्रँकशाफ्ट आणखी एकदा घासून वापरता येण्याइतका शिल्लक असेल, तर मूळ इंजिनाचेच पूर्ण काम करून घेणे हा बहुतेक मालकांसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, कारण त्यात इंजिन क्रमांक बदलत नाही, फाउंडेशन (इंजिन चासीवर धरणारे आधार) हलवावे लागत नाही आणि गिअरबॉक्सशी जुळवणीचा प्रश्नच उरत नाही.

ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड तुटून भोक पडले असेल, तर बदली इंजिन शोधणे भाग आहे, आणि त्या शोधाची सुरुवात नोंदणी पुस्तकापासून करावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत, हे त्याचे मर्म आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात तीच भूमिका स्पष्ट केली. त्याच कलमात इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला देण्याचे बंधन मालकावर आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे आणि त्याच इंधनावर चालणारे इंजिन बसवायचे असल्यास आरटीओची परवानगी आधी घ्यावी आणि नवा क्रमांक पुस्तकात चढवून घ्यावा. मूळ पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन किंवा दुसऱ्याच कंपनीचे इंजिन बसवायचे असेल, तर लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत इंजिनासाठी एक रुपयाही देऊ नये. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना निरीक्षक इंजिनाचा क्रमांक पाहतोच, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षकही तो पाहतो. न जुळणारा क्रमांक या दोन्ही ठिकाणी महागात पडतो. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजमध्ये ऐकू येणारे वाक्य यांपैकी कुठेही उपयोगी पडत नाही.

आता इंजिनांकडे वळू. जुन्या पेट्रोल जीपमध्ये विलीज (मूळ अमेरिकी जीप) परंपरेतील २१९९ सीसीचे हरिकेन इंजिन असे. एमएम ५४० सारख्या गाड्यांत प्यूजोच्या सहकार्याने तयार झालेले एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आले. त्याची क्षमता २११२ सीसी, बोअर ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक ८३ मिलिमीटर असून ते सुमारे ६२ अश्वशक्ती देते. मात्र ही शक्ती मिळवण्यासाठी त्याला मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत फिरावे लागते आणि त्याचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, सुमारे १२० न्यूटन-मीटर इतकाच आहे. तिसरे इंजिन म्हणजे एमडीआय, ज्याला पुढे डीआय म्हटले आहे. इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातून आलेले हे २५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन ८८.९ मिलिमीटर बोअर आणि १०१.६ मिलिमीटर स्ट्रोकचे आहे, आणि एमडीआय ३२०० या नावातील आकडा त्याच्या कमाल शक्तीच्या फेऱ्या सांगतो. बोलेरो आणि जुन्या थार डीआयमधील त्याची टर्बो आवृत्ती सुमारे ६३ अश्वशक्ती आणि १८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते.

प्यूजो आणि टर्बो डीआय यांची अश्वशक्ती जवळपास सारखीच आहे आणि तरीही गाडी चालवताना ती दोन वेगळ्या स्वभावाची इंजिने वाटतात, याचे कारण या आकड्यांमध्येच आहे. प्यूजो फिरून काम करते, तर डीआय खालच्या फेऱ्यांवर ओढते. घाटात दगड-मातीच्या चढावर माणसे आणि खताची पोती घेऊन जाणाऱ्यास डीआयची ओढ सोयीची असते, आणि थेट इंजेक्शनमुळे ते डिझेलही कमी पिते. मात्र ते अंगाने जड आणि आवाजाने दणकट आहे. त्याचे थरथरणे जुन्या बॉडीच्या प्रत्येक बोल्टला जाणवते. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन वाढल्यामुळे जीपचे नाक खाली बसू शकते. मूळ प्यूजो असलेल्या गाडीत डीआय टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण हा बदल कागदावर ‘त्याच प्रकारचे इंजिन’ ठरत नाही, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही.

खरी मेख क्राऊन-पिनियनमध्ये आहे. विलीज घराण्यातील अ‍ॅक्सलचे जुने प्रचलित गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात, त्याशिवाय ४.८८ आणि ४.२७ ही गुणोत्तरेही आढळतात. वीस-तीस वर्षांत गाडीच्या अ‍ॅक्सलमध्ये कोणी काय बदलले असेल याचा नेम नसल्याने कॅटलॉगवर न विसंबता ते स्वतः मोजावे. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पक्की अडण लावून मागचे एकच चाक जॅकवर उचलावे, कारण ज्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे, तिथे एक चाक उचलल्यावर हँडब्रेक गाडी धरून ठेवत नाही. मग ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक सोडावा, उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात अ‍ॅक्सलकडे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते खडूची खूण करून मोजावे. दुसरे चाक स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांतील शाफ्टचे फेरे हेच गुणोत्तर असते.

हा आकडा हाती आला की हिशेब सोपा आहे. ६.००-१६ टायरचा एक फेरा सुमारे २.२ मीटर अंतर कापतो असे धरू. डीआय इंजिनाला दीर्घ प्रवासात २६०० फेऱ्यांच्या वर ठेवणे सुखाचे नसते. थेट चौथ्या गिअरमध्ये २६०० फेऱ्यांना गाडीचा वेग ५.३८ च्या अ‍ॅक्सलवर ताशी सुमारे ६४ किलोमीटर, ४.८८ वर ७० आणि ४.२७ वर ८० येतो. प्यूजो मात्र ३६०० फेऱ्यांवर शांतपणे चालत असल्याने तेच ५.३८ चे अ‍ॅक्सल त्याला ताशी ८८ किलोमीटरपर्यंत नेते. म्हणजे प्यूजोच्या जागी डीआय बसवून अ‍ॅक्सल तसेच ठेवले, तर गाडी चढावर बलवान होईल, पण महामार्गावर ट्रकच्या मागे अडकून राहील. त्यावर पाच गिअरचा, ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स किंवा क्राऊन-पिनियन बदलणे हे दोन उपाय आहेत. दुसरा उपाय निवडणाऱ्याने पुढचे आणि मागचे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गुणोत्तराचे केले पाहिजेत. केवळ मागचे बदलून कोणी फोर-व्हीलमध्ये गाडी घातली, तर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांविरुद्ध खेचतात आणि ट्रान्सफर केस किंवा क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचा सांधा) तुटतो. शेताबाहेर फारसे न जाणाऱ्याने मात्र ५.३८ ला हात लावू नये; कमी वेगातील ताबा हीच त्या अ‍ॅक्सलची खरी कमाई आहे.

गिअरबॉक्सच्या सहनशक्तीचा विचार याच टप्प्यावर येतो. जुना तीन गिअरचा टी-९० हरिकेनसाठी बनलेला आहे, आणि त्या इंजिनाचा टॉर्क कागदोपत्री १५५ न्यूटन-मीटरच्या घरात होता. त्यामागे टर्बो डीआय जोडणे म्हणजे त्याच्यावर कायमचा जादा भार टाकणे होय. ट्रान्सफर केसचा लो गिअर टॉर्क जवळपास अडीचपट करतो, हेही लक्षात घ्यावे. चिखलात अडकलेल्या गाडीत जोराने क्लच सोडला की तो सगळा भार अ‍ॅक्सलवर येतो. २०१० च्या थारमधील १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटरचे कॉमनरेल इंजिन जुन्या जीपमध्ये बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), संपूर्ण वायरिंग, सेन्सर, पेडल आणि तिथलाच गिअरबॉक्स लागतो, शिवाय ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगही त्या वेगाच्या लायकीचे करावे लागतात. तालुक्याच्या गावी स्कॅनर असलेला मेकॅनिक नसेल, तर अशी गाडी एका बिघडलेल्या सेन्सरसाठी आठवडाभर उभी राहील. मी हा पर्याय कामाच्या गाडीसाठी सुचवणार नाही.

इंजिन निश्चित झाले की ते चासीत बसते का हे टेपने मोजून पाहावे. या जीपमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलचे क्राऊन-पिनियन असलेले हौसिंग उजवीकडे असते आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्टही उजव्या बाजूने जातो. त्यामुळे ऑइल चेंबरचा खोल भाग कुठे आहे, पाटे पूर्ण दबल्यावर अ‍ॅक्सल त्याला लागेल का, आणि सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंग बॉक्सला अडेल का, हे आधीच पाहावे लागते. रेडिएटर आणि फॅन यांच्यातील अंतर, बेल हाउसिंगचे बोल्ट, क्लच प्लेटच्या स्प्लाइनची संख्या आणि पायलट बेअरिंगचा व्यास हे सारे जुळले पाहिजे. अडॅप्टर प्लेट लागणार असेल, तर ती अचूक मशिनिंग करणाऱ्याकडूनच घ्यावी, कारण क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत नसतील तर बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात आणि दोष इंजिनाला दिला जातो. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत डिझेल इंजिनाला व्हॅक्यूम पंप आहे ना, हे विसरू नये. लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी किंवा इंजिन असल्यास सेल्फ आणि अल्टरनेटर १२ व्होल्टचे आहेत की २४ व्होल्टचे, हेही तपासावे.

खरेदी करताना शक्यतो गाडीत बसलेले, चालू करून दाखवता येणारे इंजिन घ्यावे. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतील मायापुरीच्या बाजारात जमिनीवर ठेवलेले, नुकतेच धुऊन रंगवलेले इंजिन नवे दिसते एवढेच. त्याच्या आतले काहीच कळत नाही. चालू इंजिन पाहायला जाताना विक्रेत्याला ते आधी गरम करू देऊ नये, कारण थंड स्थितीत पहिल्या सेल्फला ते किती वेळात पकडते आणि धुराचा रंग काय आहे, यातून निम्मी माहिती मिळते. गरम झाल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, तेलाच्या पट्टीवर दुधासारखा फेस आहे का, आणि रेस सावकाश सोडताना तळाशी ठोका ऐकू येतो का, हे पाहावे. ब्लॉकवरील क्रमांक स्वच्छ पुसून स्वतः वाचावा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर इंजिन कितीही चांगले चालत असले तरी सोडून द्यावे. ज्या गाडीतून ते निघाले तिच्या नोंदणी पुस्तकाची प्रत, विक्रेत्याचे ओळखपत्र आणि इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. हे तीन कागद नसतील तर आरटीओत नोंद होणार नाही, आणि पुढेमागे ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर जबाब मालकालाच द्यावा लागेल. एफआय पंप, सेल्फ, अल्टरनेटर, फ्लायव्हील आणि फाउंडेशनचे ब्रॅकेट इंजिनाबरोबरच घ्यावेत. पूर्ण रक्कम मात्र इंजिन आपल्या गाडीत बसून, गरम स्थितीत तेलाचा दाब गेजवर पाहिल्यानंतरच द्यावी, अशी अट बिलावरच लिहून घ्यावी. विक्रेता त्याला तयार नसेल तर दुसरा शोधावा.