संगणकावरचे गाणे घरच्या स्टिरिओतून ऐकताना

लॅपटॉपच्या कडेला बसवलेले स्पीकर जेमतेम दोन बोटे रुंदीचे असतात. एवढ्याशा पडद्याने हवा ढकलून खर्जाचा स्वर उभा राहू शकत नाही, त्यामुळे तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा त्यावर जवळजवळ नाहीसाच होतो. अनेक घरांत मात्र दिवाणखान्यातल्या कपाटात एखादा जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर अजून उत्तम स्थितीत असतात. संगणक त्यांना जोडणे हे पाच मिनिटांचे काम आहे. तो गुणगुण आणि खरखर न येता जोडण्यासाठी थोडी समज लागते, आणि पैसे खर्च करण्याची वेळ त्यानंतर येते.

सुरुवात स्टिरिओच्या पाठीमागून करावी. तेथे लाल-पांढऱ्या आरसीए (मध्ये एकच छिद्र असलेल्या गोल) सॉकेटांच्या जोड्या असतात आणि त्यांवर ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप अशी नावे छापलेली असतात. यांपैकी कोणतीही रिकामी जोडी चालते, कारण या सर्वांत येणाऱ्या विद्युत संकेताची पातळी साधारण सारखीच असते. टेपच्या दोन जोड्या असतील तर ‘प्ले’ किंवा ‘इन’ लिहिलेली घ्यावी. ‘रेक’ किंवा ‘आउट’ लिहिलेल्या जोडीतून आवाज बाहेर जातो, आत येत नाही. ‘फोनो’ लिहिलेली जोडी मात्र कटाक्षाने टाळावी. तबकडीवरच्या सुईकडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असल्याने फोनोचे सर्किट तो सुमारे शंभर पटींनी वाढवते, शिवाय तबकडी कोरताना मुद्दाम कमी केलेला खर्ज पुन्हा उचलते आणि वाढवलेले तार स्वर खाली आणते. संगणकाचा संकेत व्होल्टच्या आसपास असतो. तो तेथे दिला तर फाटलेला, ढबढबीत आवाज येतो, आणि पुष्कळ जण त्याचा दोष बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला देतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही संचांवर आरसीए सॉकेटे नसून पाच छिद्रांचे गोल डिन सॉकेट असते. त्यासाठी डिन-ते-आरसीए केबल तयार मिळते. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड येथे ती शोधावी लागली तरी सापडते. या केबलला चार आरसीए टोके असल्यास दोन आत येण्याची आणि दोन बाहेर जाण्याची असतात. पिनांचे क्रमांक पाहायचे झाल्यास टेपच्या डिन सॉकेटात ३ आणि ५ या पिना ॲम्प्लिफायरमध्ये आवाज आणणाऱ्या, १ आणि ४ या रेकॉर्डिंगसाठी बाहेर नेणाऱ्या आणि मधली २ ही सामायिक असते.

आता संगणकाची बाजू. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एका टोकाला ३.५ मिलिमीटरची हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशी केबल. पिनेवर दोन काळ्या रेघा असाव्यात. एकच रेघ असलेली पिन मोनो, म्हणजे एकच आवाज नेणारी, असते. डेस्कटॉप संगणकात मागचे हिरवे सॉकेट वापरावे. गुलाबी सॉकेट मायक्रोफोनचे आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे असते. पुढच्या बाजूचे हेडफोन सॉकेट हाताशी असले, तरी त्याची बारीक वायर पेटीच्या आतून पंख्यांच्या आणि इतर जोडण्यांच्या शेजारून जाते, म्हणून मागचेच बरे. लाल म्हणजे उजवी बाजू, पांढरी किंवा काळी म्हणजे डावी. केबल लावताना ॲम्प्लिफायर बंद ठेवावा आणि यापुढे नेहमीच तो सर्वांत शेवटी सुरू व सर्वांत आधी बंद करावा, म्हणजे ‘धप्प’ असा धक्का स्पीकरना बसत नाही.

एवढ्यावर आठवडाभर ऐकावे, असा माझा आग्रह आहे. आवाज स्वच्छ असेल तर पुढचा खर्च अनेकदा लागतच नाही. मात्र माउस हलवताना किंवा पान वर-खाली सरकवताना बारीक चिरचिर ऐकू येत असेल, तर तो संगणकाच्या पोटातला विद्युत गोंगाट आहे. आकड्यांच्या रूपातले संगीत विद्युतलहरीत बदलणारी चिप संगणकाच्या मुख्य पाटीवर (मदरबोर्डवर), प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याच्या शेजारी बसलेली असल्याने हा गोंगाट तिच्यात शिरतो. ते रूपांतर संगणकाच्या बाहेर करणे हा त्यावरचा उपाय, आणि ते करणाऱ्या छोट्या डबीला डॅक म्हणतात. डॅक यूएसबीने संगणकाला आणि आरसीए केबलने ॲम्प्लिफायरला जोडायचा. बहुतेक साध्या डॅकना वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. महागड्या डॅककडे धावण्यापूर्वी साधा घेऊन पाहावा; पहिल्या डॅकने पडतो तेवढा फरक दुसऱ्याने क्वचितच पडतो.

स्टिरिओ त्या मानाने नवा असेल तर त्यावर ‘ऑप्टिकल’ लिहिलेले चौकोनी सॉकेट असू शकते आणि संगणकावरही तसेच असेल तर काम आणखी सोपे होते. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेल्या या जोडणीत संगीत प्रकाशाच्या रूपाने जाते, दोन यंत्रांमध्ये धातूची तारच राहत नाही. केबलच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणे काढायला विसरू नये आणि केबलला कोठेही तीव्र घडी पडू देऊ नये. अनेक जुन्या मॅकबुकच्या हेडफोन छिद्रातच ऑप्टिकलची सोय होती, पण २०१६ पासूनच्या मॅकबुक प्रोमधून ती गेली. एव्ही रिसीव्हर (टीव्हीही जोडता येणारा ॲम्प्लिफायर) असेल तर एचडीएमआय पुरे. ब्लूटूथ सोयीचे आहे खरे, पण आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या त्याच्या सर्वसाधारण एसबीसी पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट जातात, तर सीडीत १४११ असतात. स्वयंपाक करताना ऐकायला ते ठीक आहे.

आता गुणगुणीविषयी, कारण बहुतेकांची फजिती येथेच होते. केबल जोडताच स्पीकरमधून ‘घूं’ असा सलग स्वर येऊ लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने हा स्वर त्या आणि त्याच्या पटीतल्या कंपनांचा असतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका ठिकाणी जमिनीला जोडलेला असतो आणि स्टिरिओ दुसऱ्या ठिकाणी, कधी स्वतःच्या प्लगमधून तर कधी सेट-टॉप बॉक्सला आलेल्या केबलमधून. या दोन ठिकाणांच्या विद्युतदाबात किंचित फरक असला की ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि तोच आपल्याला ऐकू येतो. माझ्याकडे ही गुणगुण दोन महिने होती. ॲम्प्लिफायर उघडून झाला, कपॅसिटर बदलून झाले, आणि शेवटी एका संध्याकाळी वीज गेल्यावर परत आली तेव्हा लॅपटॉपचा चार्जर लावायचा राहिला होता, म्हणून कारण कळले.

तेव्हा प्रथम चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. गुणगुण थांबली तर रोग सापडला. तरीही राहिली तर टीव्हीची केबल संचापासून सोडवून पाहावी. उपाय म्हणून संगणक आणि ॲम्प्लिफायर एकाच स्पाइक बस्टरवर घ्यावेत. त्याने न भागल्यास ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी ट्रान्सफॉर्मरची डबी आरसीए केबलच्या मध्ये लावावी. ऑप्टिकल जोडणीत संगणक आणि संच यांच्यामधला हा मार्गच नाहीसा होतो. चार्जरची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो कधीही मानू नये, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. जुन्या इमारतींत सॉकेट तीन छिद्रांचे असूनही मागे अर्थिंगची तार नसते, अशा वेळी लॅपटॉपच्या धातूला हात लावताच झिणझिण्या येतात. तसे असेल तर आधी वायरमनला बोलवावे, स्टिरिओ नंतर.

पातळीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. संगणकाचा आवाज अगदी कमी आणि ॲम्प्लिफायरची आवाजाची घुंडी पूर्ण, अशी स्थिती असेल तर संगीताबरोबर सुसकाराही वाढतो. डॅक किंवा ऑप्टिकल असेल तर संगणकावरचा आवाज पूर्ण ठेवावा. हेडफोनच्या सॉकेटातून जोडले असेल तर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर, कारण पूर्ण केल्यास काही संगणकांचा आवाज फाटतो. कमी-जास्त करायचे ते ॲम्प्लिफायरच्या घुंडीनेच. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले उपकरण निवडावे, ‘एन्हान्समेंट्स’ बंद करावेत आणि फॉरमॅट पाहावा: सीडीवरून घेतलेली गाणी अधिक असतील तर ४४१०० हर्ट्झ, चित्रफिती अधिक पाहत असाल तर ४८०००. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होते. संगणकाचे सूचनांचे आवाजही बंद करावेत. विलंबित ख्यालाच्या मध्येच मोठ्या स्पीकरमधून आलेली ‘टुंग’ फार जिव्हारी लागते.

शेवटची तपासणी जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणाने करावी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची ही गाणी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून, आपण आणि ते मिळून समभुज त्रिकोण होईल असे बसावे आणि डोळे मिटावेत. गायकाचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, जणू तेथे कोणी उभे आहे असा आला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर बॅलन्सची (डाव्या-उजव्या आवाजाच्या तोलाची) घुंडी आणि आरसीए पिना पाहाव्यात. तो कोठूनच येत नसल्यासारखा पसरला असेल आणि खर्जही पातळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. ॲम्प्लिफायर बंद करून त्या सुलट कराव्यात आणि तेच गाणे पुन्हा लावावे.