पायपुसणं वाटीसारखं वर येतंय?

चिंध्यांच्या वेणीचं पायपुसणं गुंडाळत शिवलं की कडा उचलतात. माझी दोन उसवावी लागली, तेव्हा कुठे मेख कळली.

१. सुती साडीच्या २ इंची पट्ट्या फाडून तीनपेडी वेणी घाला. ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळच्या माझ्या शिंप्याकडची कातरणंही चालतात.
२. २ × ३ फुटी लंबगोलासाठी मधली वेणी १ फूट, म्हणजे लांबी वजा रुंदी.
३. मांडीवर घेऊन शिवू नका, लादीवर सपाट पसरा. वळणावर वेणी अजिबात ओढायची नाही. बाहेरच्या वेणीचा एखादा पेड सोडून पुढच्यात सुई घाला. सरळ बाजूला मात्र एकही सोडू नका.

गुळगुळीत लादीवर हे सरकतं. घरात आजी-आजोबा असतील तर खाली रबरी जाळी हवीच.