कार्पोरेशनच्या छोट्या शाळेत पोराला टाकायचं म्हणता? मग आधी हे वाचा (नागपूरवाल्यांसाठी)

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की मोहल्ल्याच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "मनपाच्या शाळेत टाकू का पोट्टीले, जवळ पडते." आणि खाली लगेच सुरू होते, एक म्हणते "काहून टाकता बाप्पा, तिथं काही शिकवत नाही", दुसरा म्हणते "आमचे बाबा तिथंच शिकले न क्लास वन ऑफिसर झाले." दोन्ही उत्तरांचा काही उपयोग नाही. बाबा शिकले त्याला चाळीस वर्षं झाली, आणि जे शिकवत नाही म्हणतात त्यातल्या बहुतेकांनी शाळेचं गेटही ओलांडलेलं नसते. माझी पोरगी अशाच एका छोट्या शाळेत आहे, शाळेचं नाव घेत नाही, पण आत राहून जे समजलं ते लिहून राहिली, कामाचं वाटलं तर घ्या.

सगळ्यात आधी शाळा बघून या, आणि ॲडमिशनच्या दिवशी नाही तर एखाद्या साध्या मंगळवार-बुधवारी साडेअकराच्या सुमारास, म्हणजे खरी शाळा दिसते. नागपूर मनपाच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि थोड्या इंग्रजी माध्यमाच्याही आहेत, एकेका आवारात दोन माध्यमं पण भरतात, तर पाटी नीट वाचूनच आत शिरा. गेल्यावर दोनच आकडे विचारायचे: पट, म्हणजे शाळेत नाव असलेली एकूण मुलं, किती आणि शिक्षक किती. बाकी रंगरंगोटी, भिंतीवरचे सुविचार, डिजिटल बोर्ड हे नंतर.

हे दोन आकडे काहून, तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे पन्नास पोरांच्या शाळेत चार-पाच वर्ग आणि शिक्षक दोन, हे कायद्यातच बसते, त्यात कोणी तुमच्यावर अन्याय करून राहिलं असं नाही. मग वर्ग जोडून बसवतात. लोक इथंच घाबरतात, पण जोडवर्ग म्हणजे वाईटच असं नाही, ते मॅडमवर आहे. आमच्या इथं मी खिडकीतून पाहिलं, पहिलीची पोरं खाली सतरंजीवर आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधत होती, तिसरीची पोरं भिंतीकडे तोंड करून जोडीजोडीनं धडा वाचत होती, आणि मॅडम मधे फिरत एकाचा गठ्ठा मोजून दुसऱ्याचा उच्चार सुधारत होत्या. असं दिसलं तर डोळे झाकून पोराला तिथं टाका. उलट अख्खा तास सगळे वर्ग फळ्यावरचं उतरवत बसलेले आणि सर मोबाईलवर माहिती भरत बसलेले, तर थोडं थांबा. अर्थात सरांचाही दरवेळी दोष नसतो, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, सर्वेक्षण, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असते. म्हणून सरळ विचारा की बीएलओ ड्युटी, म्हणजे हे मतदार यादीचं काम, कोणाकडे आहे आणि ते बाहेर असले की वर्ग कोण घेते. उत्तर लगेच आलं तर समजा की शाळेनं विचार केलेला आहे.

आणखी एक, कोण्या पोराची वही मागून पाहा. लाल पेन फिरलेला आहे का, तारीख आहे का, चूक दाखवून पोरानं ती परत लिहिली का. नुसत्या बरोबरच्या खुणा सगळ्याच वह्यांत असतात.

संडास बघा. लाज वाटून घेऊ नका, मुलींचा वेगळा आहे का, कडी लागते का, नळाला पाणी आहे का. संडास नीट नसला की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे.

आता ॲडमिशन. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात. जन्मदाखला, आधार, रहिवासी पुरावा, असेल तर जातीचा दाखला, फोटो, एवढं घेऊन जा. पण एखादा कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नसला तरी नाही, आधीच्या शाळेची टीसी यायला उशीर झाला तरी नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. डोनेशन नाही, मुलाची किंवा आईबापाची मुलाखत नाही. कोणी काउंटरवरून परत पाठवलं तर भांडू नका, "एवढं लिहून द्या की या कारणानं प्रवेश दिला नाही" असं म्हणा. बहुतेक वेळा तिथंच काम होते.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत पोरांची नावं चढवतात ती वही, मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा, यात अजिबात आळस नको. पोराचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, मराठीत आणि इंग्रजीत, जसंच्या तसं जन्मदाखल्याप्रमाणे चढलं का पाहा. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, राशनकार्डावर तिसरंच, आणि घाईत जे समोर आलं ते चढते. पुढं स्कॉलरशिप, जातीचा दाखला, जात पडताळणी, सगळं याच नोंदीवर अडते, तेव्हा दुरुस्ती करायला जे चकरा मारायला लागतात ते ज्याच्या घरी झालं त्यालाच विचारा. आज दोन मिनिटं लागतात.

शाळा विदर्भात उशिरा सुरू होते, बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यात तर आपल्याकडे जूनच्या शेवटी, ऊन ओसरल्यावर. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांचे फोटो पाहून टेन्शन घेऊ नका. आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा होते, तर नोकरीवाल्या आयांनी आणायला कोण जाणार हे आत्ताच ठरवून ठेवा, ऑटोवाल्याशी तेव्हाचं टायमिंगही आधीच बोलून घ्या.

खर्चाचं खरं सांगते. बालभारतीची पुस्तकं फुकट. गणवेश दोन जोड समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून, त्याला मुलामागे ६०० रुपये धरलेले असतात, आता ६०० मध्ये दोन जोड कसे शिवतात हा विचार केला की कापडाबद्दल तक्रार कमी होते. कधी गणवेश उशिरा येतो, तेव्हा पोराला साध्या कपड्यात पाठवा, काही बिघडत नाही. दप्तर, बूट, वह्या, डबा हे आपलं, इतवारी नाही तर बर्डीवर जाऊन घ्या. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून तेवढाच धडा काढून घ्या.

शाळेत दुपारी मिळते त्या खिचडीवर सगळ्यात जास्त गप्पा होतात म्हणून थोडं जास्त लिहिते. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजे असा नियम आहे. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं असते, आणि पालकांनाही जाऊन चव घेता येते. घरी बसून "खिचडी पाणचट असते म्हणे" असं ग्रुपवर टाकण्यापेक्षा महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत जा, पोरांच्या रांगेजवळ उभे राहा, एक चमचा खाऊन बघा. आमच्या इथं एका आईनं जाऊन पाहिलं तर खिचडी चांगली होती, फक्त खिचडीची गाडी लवकर यायची आणि सुट्टी होईपर्यंत डब्यात थंड होऊन तिचा गोळा व्हायचा. मुख्याध्यापिकेशी बोलून सुट्टीची वेळ थोडी पुढंमागं केली, झालं. पोरगं नसेलच खात तर जबरदस्ती नको, पण डब्यात कुरकुरे देऊन पाठवू नका, सगळा वर्ग मग तेच मागते.

आता मुख्य गोष्ट. छोटी शाळा चालते की बसते ते पटावर. संच मान्यता, म्हणजे कोण्या शाळेत किती शिक्षक मंजूर, ही ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातो, मग वर्ग जोडले जातात, मग अजून दोन पालक नाव काढतात, पट अजून खाली. हे चक्र एकदा फिरलं की थांबवणं लई कठीण. ज्यांना पाहायचं होतं की "जमते का, नाही तर ऑगस्टमध्ये काढू", त्यांना माझं एवढंच म्हणणं की पक्कं करूनच टाका, आणि काढायचंच असेल तर आधी मुख्याध्यापकांना कारण सांगा, बरेचदा ते सुटण्यासारखं असते. कधी कारण एवढंच निघते की घराजवळच्या रस्त्यावर कुत्रे आहेत आणि पोरगी एकटी यायला घाबरते. दोन आयांनी मिळून पोरांना आणणं-नेणं सुरू केलं की विषय संपला.

शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका पाहिजे, म्हणजे ही समिती तुमचीच आहे, पण बरेच ठिकाणी सही करायला घरी कागद येतो आणि आपण चहाचा कप हातात धरून सही ठोकतो. सही करण्याआधी वाचा ना बापा. मीटिंगला गेलं की लोक पहिलं विचारतात पैसा कुठं गेला. तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटावर असते: ३० पर्यंत मुलं असली तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. पन्नास पोरांच्या शाळेत २५,००० मध्ये खडू, स्टेशनरी, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, सगळं. त्यामुळे आवाज चढवण्याआधी हिशोबाची वही मागा, दाखवतात. मोठं काम, म्हणजे छत गळणं, कंपाउंड, पाण्याची टाकी, हे या पैशात होतच नाही, ते मनपाकडूनच करून घ्यावं लागते.

ते करून घ्यायची पद्धत अशी. तोंडी बोलून सोडून देऊ नका. एका पानाचा अर्ज, एकच विषय, समितीचा ठराव क्रमांक, पालकांच्या सह्या, सोबत मोबाईलवर काढलेला फोटो. दोन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, ती पोच म्हणजेच तुमचं हत्यार. आधी मुख्याध्यापक, मग शाळा निरीक्षक, मग सिव्हिल लाइन्सला मनपाच्या शिक्षण विभागात शिक्षणाधिकारी. गेटसमोरचा कचरा, बंद पडलेला स्ट्रीटलाइट, तुंबलेली गडर हे शिक्षण विभागाकडे नेऊ नका, ते सरळ तुमच्या झोनच्या ऑफिसात, आणि सोबत नगरसेवकाच्या कानावर घाला. पावसाळ्याचं काम एप्रिलमध्येच मागा, जुलैमध्ये मागितलं तर पावसाळा संपल्यावरच माणूस येईल.

इंग्रजीची काळजी सगळ्यांनाच असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहेच, मराठी शाळेतही. पण पोरानं आधी मराठी धडाधड वाचलं पाहिजे, तिसरीतलं पोरगं मराठीच अडखळत वाचत असेल तर इंग्रजीची ट्यूशन लावून काही होत नाही. घरी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या, लोकमत-सकाळचा मथळा, किराण्याची चिठ्ठी, काहीही. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात त्यांनी तर हे नक्कीच करा, पोरं मराठी पटकन उचलतात फक्त घरी कोणी ऐकणारं पाहिजे.

मॅडमला भेटायला परीक्षेनंतरच्या पालकसभेची वाट पाहू नका. तान्ह्या पोळ्याला शाळेत लाकडी बैल घेऊन पोरं येतात, आयाही येतात, त्या दिवशी कोण्या मॅडमला कोण्या पोराच्या घरची किती माहिती आहे ते आपोआप दिसते. शाळा सुटल्यावर गेटवर दोन मिनिटं बोललं तरी चालते, पण वर्ग सुरू असताना दारात उभं राहून नाही.

शेवटचं, शाळा कितवीपर्यंत आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. काही चौथीपर्यंत, काही पाचवी, काही सातवी-आठवीपर्यंत आहेत. पाचवीला आता वर्षाअखेर परीक्षा असते, नापास झालं तर फेरपरीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागू शकते, तर चौथीपासूनच लक्ष ठेवा. पुढच्या शाळेत जाताना टीसीवर शाळेचा यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख नंबर) आणि पोराचा स्टुडंट आयडी लिहिलेला आहे का बघा, नसेल तर तिथंच उभं राहून लिहून घ्या, कारण ऑनलाइन नाव जुन्या शाळेतून सुटल्याशिवाय नव्या शाळेत चढत नाही आणि सुट्ट्या लागल्या की ऑफिसात कोणी सापडत नाही.