पोर्ट ८० अडवलाय? मग हे करून बघा
घरच्या सर्व्हरवरची साईट बाहेरून दिसते का, हे मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर तपासा. घरातल्या घरात तपासलं तर फसगत होते. पोर्ट ८०, म्हणजे साईटसाठीचा नेहमीचा दरवाजा, इंटरनेट कंपनीने अडवलेला असेल, तर राउटरमध्ये बाहेरचा ८०८० आतल्या ८० कडे वळवा. साईटच्या पत्त्याच्या शेवटी कोलन देऊन ८०८० लिहावं लागेल, आणि लोक ते हमखास विसरतात.

मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची, डोमेन तुमचंच आहे का हे बघणारी एचटीटीपी तपासणी मात्र ८० वरच येते, म्हणून सर्टिफिकेटसाठी डीएनएस तपासणी निवडा: डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद जोडली की काम झालं.

राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला, तर पोर्ट वळवण्यात वेळ घालवूच नका. तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय. तिथे क्लाउडफ्लेअर टनेलसारखी, आतून बाहेर जाणारी जोडणी बरी.