दोघी, तीन राजधान्या: प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट फिरताना या चुका टाळा

व्हिएन्नात कार्ल्सप्लात्झ स्टेशनवर मी मेट्रोत चढले, दार बंद झालं आणि मैत्रीण फलाटावरच राहिली. काचेपलीकडून ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, इकडून मीही. दोघींना काही कळलं नाही. पुढच्या स्टेफान्सप्लात्झला उतरून मी उलटी गाडी धरली. तोवर ती मागची गाडी पकडून स्टेफान्सप्लात्झला पोचली. मग ती परत आली आणि मी परत गेले. दोघींची तिकिटं माझ्या फोनमध्ये, इंटरनेटही माझ्याच फोनवर; तिला मी हॉटस्पॉट देत होते. पाऊण तास हा लपंडाव चालला.

चाळीस वर्षांची मैत्री, पण चुकामूक झाली तर कोणी कुठे थांबायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आता ठरवलंय. गाडीत असेल तिने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच उभं राहायचं, मागे राहिली असेल तिने पुढच्या गाडीने यायचं. सिम दोघींकडे वेगळं. तिकिटं, विमा आणि हॉटेलचा पत्ता दोघींच्या फोनमध्ये, शिवाय पर्समध्ये एकेक कागद. कार्डांचंही तेच: दोघींची सगळी कार्डं एकाच बॅगेत ठेवू नका.

व्हिसाचा अर्ज "एकत्रच करू" म्हणणं

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, मागायचा तो ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून आधी आत शिरणार त्याच्याकडे. अपॉइंटमेंट कुठे लवकर मिळते यावरून देश निवडू नका. आमचा बेत प्राग तीन रात्री, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट तीन असा होता, म्हणजे ऑस्ट्रियाचा व्हिसा. पण मैत्रिणीला तिथून पुढे सहा दिवस म्युनिकला भाचीकडे जायचं होतं. तिचा सर्वात लांब मुक्काम जर्मनीत झाला, म्हणून तिचा अर्ज जर्मनीकडे. हे आम्हाला फॉर्म भरताना कळलं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

त्या भाचीसाठी पेढे घेतले होते, ते शेवटी इथेच शेजाऱ्यांना वाटले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. तूप, पनीर, पेढे सगळं त्यात आलं. चिवडा-चकली न्या.

तिकीट घेतलं म्हणजे झालं, असं समजणं

प्राग आणि व्हिएन्नाच्या मेट्रोला आपल्या मेट्रोसारखी अडवणारी फाटकं नाहीत. आत शिरताना कोणी काही विचारत नाही आणि तिथेच घात होतो. प्रागमध्ये कागदी तिकीट पहिल्यांदा गाडीत चढण्याआधी, किंवा ट्राममध्ये चढल्या चढल्या, पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. ती छापली नसेल तर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. मुंबईकरांना लोकलची कूपनं आठवत असतील: पाकिटात कूपनांचं पुस्तक होतं, पंच करायचं राहिलं, तरी टीसीने पावती फाडलीच. प्रागमध्ये साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि "आम्ही पर्यटक, माहीत नव्हतं" हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

छापायचं मात्र एकदाच. गाडी बदलली म्हणून मैत्रिणीने तेच तिकीट पुन्हा यंत्रात घातलं आणि एकावर एक छापून दोन्ही वेळा वाचेनाशा झाल्या. सुदैवाने त्या दिवशी कोणी तपासायला आलं नाही.

बुडापेस्टला आणखी एक खोच आहे. साधं एकेरी तिकीट एकाच प्रवासाचं. मेट्रोतून उतरून ट्राममध्ये बसलात की दुसरं लागतं. दिवसभर फिरणार असाल तर २४ किंवा ७२ तासांचा पास घ्या आणि डोकं शांत ठेवा. तिथल्या एम-१ मेट्रोत मात्र मुद्दाम बसा. १८९६ साली सुरू झालेली ही युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वात जुनी भुयारी रेल्वे. छोटे पिवळे डबे, पांढऱ्या टाइल्सची स्टेशनं, आणि रस्त्यावरून थोड्या पायऱ्या उतरल्या की लगेच फलाट.

रेल्वे स्टेशनवर शहराचं नाव शोधत बसणं

प्रागच्या मुख्य स्टेशनवर आम्ही फलकावर "व्हिएन्ना" शोधत होतो. आमच्या गाडीसमोर लिहिलं होतं ग्राझ, कारण गाडी व्हिएन्नाहून पुढे तिथवर जाणार होती. फलकावर शेवटचं स्टेशन ठळक असतं. दादरला उतरणारा माणूस फलकावर सीएसएमटीच वाचतो, तसंच हे. शिवाय व्हिएन्ना जर्मनमध्ये वीन, चेकमध्ये वीदेन्य, हंगेरियनमध्ये बेच. घोषणेवर विसंबू नका, तिकिटावरचा गाडी क्रमांक आणि सुटायची वेळ जुळवा. प्रागला फलाट क्रमांक गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी झळकतो, तेव्हा सामान हातात धरून फलकाखालीच थांबा.

तिकीट आणि आसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षणाचे वेगळे पैसे भरले नसतील तर तिकीट असूनही चार तास उभं राहायची वेळ येऊ शकते. प्राग-व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना-बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. विमान जाताना प्रागला आणि येताना बुडापेस्टहून घेतलंत तर मागे फिरण्यात एक दिवस वाया जात नाही.

पैशांचा हिशेब डोक्यात ठेवणं

तीन देश, तीन चलनं. युरो फक्त ऑस्ट्रियात. चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. कोरुना साधारण चार रुपयांना आणि हजार फोरिंट अडीच-पावणेतीनशेला. बुडापेस्टला पहिल्या दिवशी आम्ही शून्यं बघूनच गांगरलो.

कार्डाचं यंत्र विचारतं, रुपयांत घ्यायचे की तिथल्या चलनात? रुपये बघून बरं वाटतं, पण तो दर यंत्रवाल्याचा असतो आणि महागच पडतो. दर वेळी तिथलंच चलन निवडा. प्रागच्या जुन्या चौकाभोवती चलन बदलून देणाऱ्या दुकानांच्या "शून्य कमिशन" पाट्याही अशाच. कमिशन नाही, दरच मारलेला. मात्र एक सोय आहे. चेक कायद्यानुसार चलन बदलण्याचा १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागता येतो. त्यासाठी पावती सांभाळा.

दोघींचा हिशेब? तीन दिवस "तू दे, मग बघू" चाललं आणि चौथ्या दिवशी कॉफीचे पैसे कोणी दिले यावरून दोघीही गप्प झालो. मग रोज रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं फोनमध्ये नोंद, तीही ज्या चलनात खर्च झाला त्याच चलनात.

सगळं दोघींनी मिळूनच बघायचा हट्ट

व्हिएन्नात मला ऑपेरा बघायचा होता, तिला अजिबात नाही. पहिल्यांदा मी मन मारलं. मग तीच म्हणाली, "अगं, तू जा की! मी काय लहान आहे?" ती प्राटर बागेत १८९७ सालच्या प्रचंड आकाशपाळण्यात बसायला गेली आणि मी स्टेट ऑपेरात.

तिथे बसायची तिकिटं महाग, पण उभं राहून बघायची स्वस्त असतात आणि प्रयोगाच्या दिवशी मिळतात. आत आपल्या जागेवर पोचलात की समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा. जागा तुमची झाली. खुशाल बाहेर फिरून या. खिडकीतून एसटीच्या सीटवर रुमाल टाकून वाढलेल्या मला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. फरक एवढाच की इथे स्कार्फवरून कोणी भांडत नाही. माझ्याकडे स्कार्फ नव्हता, ओढणी बांधली. मध्यंतरात परत आले तर ओढणी जागच्या जागी आणि शेजारच्या आजोबांनी तिचा लोंबणारा काठ नीट वर घेऊन ठेवलेला. वीस मिनिटांनी पाय दुखायला लागतात, तेव्हा जुने बूट घाला.

वार न बघता बेत आखणं

प्रागचं ज्यू म्युझियम शनिवारी बंद असतं आणि बुडापेस्टची बरीच संग्रहालयं सोमवारी. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानंसुद्धा बंद. मोठ्या स्टेशनांतली काही उघडी सापडतात, पण तिथे अख्खं गाव लोटलेलं असतं. बुडापेस्टची संसद आतून बघायची तर ठरावीक वेळेची मार्गदर्शकासह फेरीच घ्यावी लागते, आणि इंग्रजी फेरीची तिकिटं आधी संपतात.

प्रागच्या खगोलीय घड्याळाखाली, जे १४१० पासूनचं आहे, दर तासाला गर्दी माना वर करून उभी असते आणि खिसेकापूंना नेमकं तेच हवं असतं. घड्याळ बघा, पण पर्स पोटाशी धरून. तिथलाच चार्ल्स पूल गर्दी व्हायच्या आधी, सकाळी सातच्या आत गाठा. माझी मैत्रीण नऊशिवाय उठत नाही, म्हणून तो मी एकटीनेच बघितला.

खाण्याचं थोडक्यात: सूप भाजीचं दिसलं तरी मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या. हंगेरीचा लांगोश, म्हणजे तळलेली मोठी पुरी, वर आंबट साय आणि चीज, शाकाहारी माणसाचा आधार. व्हिएन्नात पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाला येणारं पाणी १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांतून येतं आणि फारच चवदार आहे.

शेवटच्या दिवशी हातातली नाणी संपवा; परत आल्यावर नोटा बदलून मिळतात, नाणी नाही. आमच्याकडे सातशे फोरिंट उरले होते. निम्मे तिचे, निम्मे माझे, आणि ते सगळे अजून तिच्याच कपाटात आहेत.