आधी हातांना विचार करू द्या
पदव्युत्तर वर्गात ‘चांगले संशोधन म्हणजे काय’ यासारखा अमूर्त प्रश्न थेट चर्चेसाठी मांडण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला मूठभर लेगोचे ठोकळे द्यावेत आणि ५ मिनिटांत, काहीही न बोलता, आपले उत्तर प्रतिकृतीच्या रूपात उभे करण्यास सांगावे. २०१० पासून सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘लेगो सीरियस प्ले’ पद्धतीचा हाच गाभा आहे. मुख्य प्रश्न देण्याआधी सरावासाठी एक साधा मनोरा बांधून घ्यावा. नंतर प्रत्येकाने आपल्या प्रतिकृतीची गोष्ट सांगावी. प्रश्न मात्र प्रतिकृतीबद्दलच विचारावेत, बांधणाऱ्याबद्दल नव्हे, कारण माझ्या मते त्यामुळेच एरवी गप्प राहणारे विद्यार्थीही निर्धास्तपणे बोलू लागतात. अर्थ लावण्याची घाई शिक्षकाने मुळीच करू नये. लाल ठोकळा कशाचे प्रतीक आहे, हे बांधणाऱ्यानेच सांगायचे असते.