करारानंतरच्या मृत्यूंची नोंद ठेवताय? उत्तर आयर्लंडच्या यादीत होणाऱ्या या चुका टाळा

उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडला जोडावं, यावरून मुख्यतः प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समाजांत चाललेला संघर्ष थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला 10 एप्रिल 1998 ला आणि बहुतेकांच्या डोक्यात उत्तर आयर्लंडची हिंसा तिथेच संपते. साडेतीन हजारांवर माणसं गेली, मग करार झाला, विषय मिटला. पण माणसं त्यानंतरही मारली गेली, कमी संख्येने, मधे मधे मोठा खंड पडून, आणि नेमक्या अशाच सुट्या सुट्या मृत्यूंच्या नोंदीत सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण संघर्ष पेटलेला असताना रोज कुणी ना कुणी मोजत असतं, शांतता आली की मोजणाऱ्यांचं लक्ष उडतं. मी काही वर्षांपासून अशी एक यादी एक्सेलमध्ये सांभाळतेय. त्यात मी स्वतः केलेल्या आणि इतरांच्या शीटमध्ये वारंवार दिसणाऱ्या चुका इथे सांगते.

"करारानंतर" म्हणजे कधीपासून, हेच न ठरवणं

सही झाली 10 एप्रिल 1998 ला, सार्वमत 22 मे ला, आणि करार प्रत्यक्ष अमलात आला 2 डिसेंबर 1999 ला. तिन्ही तारखा बरोबर आहेत, पण तुम्ही डिसेंबर 1999 पासून फिल्टर लावलात तर काय गळतं बघा. 12 जुलै 1998 च्या पहाटे बॅलीमनीत एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला गेला आणि तीन सख्खे भाऊ गेले, सगळ्यात मोठा 10 वर्षांचा, ते गळतात. 15 ऑगस्टचा ओमाचा कार बॉम्ब, 29 बळी, उत्तर आयर्लंडमध्ये एकाच हल्ल्यात सगळ्यात जास्त माणसं गेली तो दिवस, तोही गळतो. मी सहीची तारीख धरते आणि शीटच्या पहिल्याच ओळीत तसं लिहून ठेवते. तुम्ही दुसरी धरा हवं तर, पण लिहा.

जखमी झाल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख एकाच रकान्यात

ही चूक माझी. 5 सप्टेंबर 1998 ला पोर्टाडाउनमध्ये, ड्रमक्रीच्या (प्रोटेस्टंटांच्या वादग्रस्त) मिरवणुकीवरून चाललेल्या निदर्शनांत एका पोलीस शिपायावर स्फोटक फेकलं गेलं. तो दवाखान्यात महिनाभर झुंजला आणि 6 ऑक्टोबरला गेला. मी घटनेची तारीख बघून सप्टेंबर टाकला होता, आणि दुसऱ्या एका यादीशी ताडताना तोच माणूस मला ऑक्टोबरमध्ये "नवीन" म्हणून सापडला, म्हणजे एक माणूस माझ्या शीटमध्ये दोनदा मेला. ते लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण आपण हे सगळं करतो ते त्या माणसाची नोंद नीट राहावी म्हणूनच ना.

2016 ची केस तर आणखी नाजूक आहे. 4 मार्चला बेलफास्टमध्ये एका तुरुंग अधिकाऱ्याच्या व्हॅनखाली बॉम्ब फुटला, आणि 15 मार्चला तो हार्ट अटॅकने गेला. नुसतं "हार्ट अटॅक" वाचून ही ओळ उडवणारे असतात, पण पोस्टमॉर्टेममध्ये त्याचा संबंध स्फोटातल्या जखमांशी निघाला आणि पुढे कोर्टात हा खूनच ठरला. त्यामुळे दोन तारखांचे दोन रकाने आणि मृत्यूच्या कारणाचा तिसरा, एवढं तरी हवंच. आणि पोस्टमॉर्टेमची माहिती येईपर्यंत ओळ उडवू नका, "तपासायचंय" असा शेरा मारून राहू द्या.

मेलेल्याचा धर्म बघून हल्ल्याचं कारण ठरवणं

जुलै 2001, बेलफास्टजवळचं ग्लेनगॉर्मली. 18 वर्षांचा मुलगा मित्रासोबत जीएए क्लबच्या बाहेर उभा होता. जीएए म्हणजे गेलिक खेळांची संघटना, तिथे जाणारा तो कॅथलिक असणार असा हिशोब करून लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनच्या बाजूच्या कट्टर प्रोटेस्टंट गटांच्या, बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. मुलगा प्रोटेस्टंट होता. आता तुमच्या शीटमध्ये जर "बळी: प्रोटेस्टंट, मारेकरी: लॉयलिस्ट" एवढंच असेल तर वाचणाऱ्याला वाटणार आपसातलं भांडण आहे, आणि खरं कारण, म्हणजे कॅथलिक समजून मारलं हे, कुठेच उरत नाही. बॅलीमनीच्या त्या मुलांचं घरही मिश्र धर्माचं, आई कॅथलिक, एका शब्दात बसवायला गेलात तर चूकच होणार. म्हणून बळीचा स्वतःचा धर्म वेगळा आणि मारणाऱ्यांनी त्याला कोण समजून मारलं ते वेगळं. आपल्याकडे बातमीत "दोन गटांत वाद" असं मोघम लिहितात, दंगल पसरू नये म्हणून ते ठीकच आहे, पण वीस वर्षांनंतरच्या नोंदीत तसं लिहिलंत तर नोंद ठेवून उपयोग काय.

याच्या उलट, सगळंच धर्मावरून झालं असंही नाही. ऑगस्ट 2000 मध्ये शँकिल भागात यूडीए (अल्स्टर डिफेन्स असोसिएशन) आणि यूव्हीएफ (अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स) या दोन्ही लॉयलिस्ट सशस्त्र संघटनाच एकमेकींवर उलटल्या. ते मृत्यू यादीत हवेत, पण "सांप्रदायिक" म्हणून नाही, त्यांना "गटांतर्गत वैर" असा वेगळा प्रकार ठेवा.

जबाबदारी घेतलेलं नाव तसंच चिकटवणं

रेड हँड डिफेंडर्स हे नाव 1998 नंतर सारखं दिसतं. यूडीए आणि एलव्हीएफ (लॉयलिस्ट व्हॉलंटिअर फोर्स, आणखी एक सशस्त्र संघटना) यांचे लोक आपल्या संघटनेवर युद्धबंदी मोडल्याचा ठपका येऊ नये म्हणून हे नाव पुढे करायचे. सप्टेंबर 2001 मध्ये लर्गनला पत्रकार मार्टिन ओ'हेगन यांना गोळ्या घातल्या, जबाबदारी याच नावाने घेतली गेली, संशय होता एलव्हीएफवर. तेव्हा "कुणी जबाबदारी घेतली", "पोलिसांचा संशय कुणावर" आणि "कोर्टात काय ठरलं" हे तीन रकाने एकत्र करू नका, एकातलं दुसऱ्यात ओढू नका.

बेरीज जुळत नसेल तर

घाबरून ओळी उडवू नका, आधी एवढं बघा. पोलिसांचे आकडे पुष्कळदा आर्थिक वर्षाचे असतात, एप्रिल ते मार्च, म्हणजे 1998-99 मध्ये सहीच्या आधीचे एप्रिलचे नऊ दिवसही येतात. ते आकडे फक्त उत्तर आयर्लंडचे असतात, सीमेपलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकात कुणी मारलं गेलं तर तिथे सापडणार नाही. ओमाचे बळी कुणी 29 लिहितं, कुणी 31, कारण मेलेल्यांत एक गरोदर बाई होती, पोटात जुळी होती. मी 29 मोजते आणि जुळ्यांची नोंद त्याच ओळीत शब्दांत करते, पण 31 लिहिणाऱ्याला चूक म्हणत नाही. आणि गावाचं नाव. डेरी आणि लंडनडेरी ही एकाच शहराची दोन नावं, डेरी म्हणून शोधलंत तर लंडनडेरी लिहिलेल्या ओळी दिसणार नाहीत, 2019 मध्ये त्या शहरातल्या क्रेगन भागात मारल्या गेलेल्या पत्रकार लायरा मॅकी एका यादीत एका नावाखाली, दुसरीत दुसऱ्या. दोन्ही नावं टाकून ठेवा.

रिकामा रकाना भरायची घाई

ओमासाठी 2009 मध्ये दिवाणी कोर्टाने चार जणांना जबाबदार धरलं, नुकसानभरपाई लावली. खुनासाठी फौजदारी कोर्टात मात्र कुणी दोषी ठरलेलं नाही. मी एकदा ती चार जणांची नोंद "दोषी" या रकान्यात टाकली होती, 29 ओळींवर एकदम ड्रॅग करून, आणि कितीतरी दिवस तशीच होती. आता "दिवाणी निकाल" हा रकाना वेगळा केलाय, आणि फौजदारीचा रकाना त्या 29 ओळींपुढे रिकामा आहे.